पश्चिमेची भिंत: डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या रंगकामाचं प्रकरण

आमच्या सोसायटीच्या २०२१च्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सातवा विषय असा होता: ‘इमारतीस बाहेरून रंग देणेबाबत विचार करणे.’ मसुदा माझाच. त्या वर्षी मी नुकताच सचिव झालो होतो. पुढे जवळजवळ दोन वर्षं जे चाललं, त्यात रंगाच्या वाट्याला शेवटचे काही आठवडे आले आणि खर्चातले शंभरातले बावीस रुपये. बाकी सगळं पाण्याचं प्रकरण होतं. पण ते कळायला आम्हाला वेळ लागला, आणि कळल्यावरही एक चूक मी स्वतः करून ठेवली. ती पुढे येईलच.

आधी इमारत. डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. १९९१चं बांधकाम, खाली चार दुकानं, वर चार मजले, वीस घरं. आरसीसीचा सांगाडा, बाहेरच्या भिंती सहा इंची विटेच्या, त्यावर सँडफेस, म्हणजे वाळूसारखं खरबरीत, प्लास्टर. लांब बाजू नेमकी पश्चिमेला. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे चार महिने ही भिंत तोंडावर मार खाते. पूर्वेकडच्या बिऱ्हाडांना हे कधी पटत नाही. त्यांच्या भिंती सुक्या असतात, म्हणून त्यांना इमारतही सुकी वाटते.

बिल्डरने सिमेंट पेंट दिला होता. २००३ साली त्यावर पुन्हा सिमेंट पेंट झाला. २०१६ साली तेव्हाच्या कमिटीने ‘चांगला प्लास्टिक पेंट’ मारायचं ठरवलं आणि काम दीड महिन्यात उरकलं. गच्चीवरून दोर सोडून, झुल्याच्या फळीवर बसून चार पोरांनी अख्खी इमारत रंगवली. परांची बांधली नाही, तेवढे पैसे वाचले. झुल्यावर बसून रंग मारता येतो, पण भिंत ठोकून बघता येत नाही आणि पोकळ प्लास्टर टाचून काढता तर मुळीच येत नाही. जुन्या सिमेंट पेंटवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागायची. ती धुतली नाही, प्रायमर मारला नाही, भुकटीवरच नवा रंग चढवला. डब्यात किती पाणी ओततायत हे बघायला गच्चीवर कोण जाणार, मेचं ऊन होतं.

२०१९च्या पावसाळ्यात पश्चिमेचा रंग पापडासारखा सुटायला लागला. मी एक पापुद्रा उचलून उलटा करून पाहिला होता. मागच्या बाजूला सगळी जुनी पांढरी भुकटी चिकटून आलेली. म्हणजे रंगाने आपलं काम चोख केलं होतं. ज्याला चिकटायला सांगितलं त्याला तो घट्ट चिकटला होता, भिंतीला चिकटायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणखी एक भानगड अशी की सिमेंट पेंटमधून भिंत थोडाफार श्वास घेते. प्लास्टिक पेंटचा थर पाणी अडवतो खरा, पण भेगेतून पाणी आत गेलंच तर त्याला बाहेरही पडू देत नाही. मग ते फुगे धरतं, नाहीतर आतल्या बाजूने घरात उतरतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बेडरूममधलं कपाट तीन वेळा सरकवलं. चौथ्या वेळी सरकवायला भिंत उरली नाही.

जुलै २०२१मध्ये दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्याचा पोळीएवढा तुकडा खालच्या टेलरच्या ताडपत्रीवर पडला. ताडपत्री फाटली, माणूस वाचला. छज्ज्याच्या पोटात गंजलेली सळई उघडी दिसत होती, खरपुड्या सुटलेली. त्यानंतरच्या सभेत हा सातवा विषय होता. सभा ऑनलाइन होती, त्यामुळे निम्मे सभासद म्यूटवर आणि उरलेले एकाच वेळी बोलत होते. ठराव मात्र झटकन झाला: तीन कोटेशनं मागवा आणि रंग काढा.

ते तसंच झालं असतं. पण इमारतीला तीस वर्षं झाली होती. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, बंधनकारक आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधीतही पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलंय. आम्ही त्याआधी ते किती वेळा केलं होतं? एकदाही नाही. खजिनदार म्हणाले, ‘आधी ऑडिट करून घ्या, नाहीतर रंग मारल्यावर नोटीस येईल.’ त्यांना नोटिशीची भीती होती, इमारतीची नव्हे. पण त्या भीतीनेच आम्हाला वाचवलं.

ऑडिटचा एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. इंजिनिअर बाईंनी जिन्याजवळच्या कॉलमला थोडं छिन्नीने फोडलं, धूळ फुंकली आणि एका छोट्या बाटलीतून फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. वरचे पंधरा-एक मिलिमीटर तसेच करडे राहिले, त्याच्या आत काँक्रीट जर्द गुलाबी झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दचकून म्हणाल्या, ‘अगं बाई, हे काय?’ त्यांचंही बरोबर आहे. डोंबिवलीत गुलाबी दिसलं की माणूस आधी घाबरतो, २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला होता. बाई हसल्या. ‘गुलाबी म्हणजे चांगलं. काँक्रीटमधला अल्कलीपणा शाबूत आहे, सळई सुरक्षित आहे.’ मग छज्ज्यावर तेच केलं. फवारलं, थांबलो, पुन्हा फवारलं. सळईपर्यंत कुठेही रंग आला नाही. करडं ते करडंच.

त्याचा अर्थ त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून काँक्रीटचा अल्कलीपणा वर्षानुवर्षं आतल्या दिशेने संपवत जातात. ती रेषा सळईपर्यंत पोचली की सळईचं कवच जातं आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून आतून ढकलून काँक्रीट फोडतो. छज्ज्यात सळईवर जेमतेम वीस मिलिमीटर आवरण होतं. कॉलम ठीक, बीम बहुतेक ठीक, छज्जे आणि गच्चीचा कठडा वाईट, पश्चिमेचं प्लास्टर जागोजागी पोकळ. त्यांच्या अहवालात रंगाबद्दल एकच ओळ होती: दुरुस्ती आणि सुकणे पूर्ण झाल्यावर.

मग पाणी येतं कुठून, याची यादी काढायला आम्ही तिघं-चौघं एका रविवारी इमारतीभोवती फिरलो. ती यादी म्हणजे सभासदांच्या तीस वर्षांच्या संसाराचा पंचनामाच होता. खिडक्यांना बसवलेल्या बॉक्स ग्रिल, ज्यांचे पाय छज्ज्यात ठोकलेत. त्या प्रत्येक भोकातून पाणी आत. ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंड्या, ज्यांचं पाणी रोज छज्ज्यावर. एसीच्या ब्रॅकेटची भोकं, केबलवाल्यांची भोकं, जुन्या एसीची ब्रॅकेट काढल्यावर कोणीच न बुजवलेली भोकं. छज्ज्यांचा वरचा उतार उलटा, म्हणजे भिंतीकडे. खालच्या कडेला ड्रिपची खाच नाही, त्यामुळे पागोळी खाली न पडता छज्ज्याच्या पोटाला धरून भिंतीपर्यंत चालत जायची. बिडाचे सांडपाण्याचे पाइप, सांध्यांमधून पाझरणारे, आणि त्यातल्या एका सांध्यात मनगटाएवढ्या बुंध्याचा पिंपळ. बीम आणि विटेची भिंत जिथे भेटतात तिथे सरळ आडवी भेग, प्रत्येक मजल्यावर, फुटपट्टीने मारल्यासारखी. विटा आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात. त्या सांध्यावर जाळी न लावता प्लास्टर केलं की ते तिथेच तडकणार.

यातलं काय रंगाने झाकलं असतं? सगळं. आणि २०१६ला झाकलंच होतं.

पैशांचं सांगतो, कारण इतर सोसायट्यांचे लोक मला हेच विचारतात. उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के घ्यायचा असतो. आमच्या दप्तरी १९९१चा बांधकाम खर्च ३० लाख. म्हणजे वर्षाला २२,५०० रुपये, चोवीस गाळ्यांत वाटले तर दरमहा सरासरी ७८ रुपये. ‘किमान’ हा शब्द तीस वर्षं कोणी वाचला नाही. मुदत ठेवीत साडेपाच लाख होते. खरा खर्च त्याच्या चौपटीवर जाणार होता.

सभेत दोन भांडणं झाली. पहिलं, दुकानदारांचं: ‘वरच्या भिंतीशी आमचा काय संबंध?’ त्यांना टेलरच्या ताडपत्रीची आठवण करून द्यावी लागली. दुसरं, सगळ्यांनी सारखे द्यायचे की क्षेत्रफळाप्रमाणे. छोट्या घरवाल्यांना क्षेत्रफळ हवं, मोठ्यांना समानता. उपविधीत दुरुस्ती निधी गाळ्याच्या बांधकाम खर्चावर आहे, म्हणजे ओघानेच क्षेत्रफळावर, हे वाचून दाखवल्यावर वाद मिटला. मनं मिटली नाहीत. अजूनही एक सभासद लिफ्टच्या विषयावर बोलताना ‘तेव्हा समानता नव्हती का’ असं ऐकवतात. लिफ्ट आम्हाला नाहीच आहे, ती बसवायची का हा वेगळा विषय.

तीन निविदा आल्या. दोघांनी बाबवार दर दिले होते: प्लास्टर प्रति चौरस फूट इतके, काँक्रीट दुरुस्ती इतके, पाइप प्रति मीटर इतके. तिसऱ्याने एकच आकडा दिला, ‘दुरुस्तीसह संपूर्ण रंगकाम, १४ लाख.’ निम्मी सभा त्याच्या बाजूने झुकली. इंजिनिअर बाईंनी त्याला बोलावून एवढंच विचारलं, ‘किती फूट प्लास्टर धरलंय?’

‘लागेल तेवढं, मॅडम.’

‘आणि जास्त लागलं तर?’

‘बघू ना मॅडम, आपण काय परके आहोत का?’

त्याला परत पाठवलं. बाबवार निविदेतली १९.०५ लाखांची ठरली, वर १८ टक्के जीएसटी. कामगारांचा विमा, खाली जाळी, मोजमाप दोघांच्या सह्यांनी, बिलातले ५ टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून, हे करारात घातलं. ही शेवटची अट माझी. तिचा मला अभिमान होता, आणि तीच माझ्यावर उलटली.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर २०२२मध्ये, बांबूची परांची चढली. पहिले चार दिवस फक्त ठोकणं. गवंडी हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत जायचा, मागे मी लाल खडू घेऊन. घट्ट प्लास्टर ‘टक’ वाजतं. सुटलेलं प्लास्टर रिकाम्या डब्यासारखं ‘बद’ वाजतं, आणि एकदा तो आवाज कानात बसला की चुकत नाही. तिसऱ्या दिवशी खडू संपला. अंदाजपत्रकात पोकळ प्लास्टर ४,५०० चौरस फूट धरलं होतं, प्रत्यक्ष ७,००० निघालं. ११० रुपये दराने पावणेतीन लाख जास्त, वर जीएसटी. झुल्यावरून किंवा खालून दुर्बिणीने कितीही बघा, हा आकडा परांची चढल्याशिवाय कळत नाही. आम्ही त्यासाठी अंदाजाच्या वर काहीच राखून ठेवलं नव्हतं. पुन्हा विशेष सभा, पुन्हा तेच चेहरे, आणि ‘कंत्राटदाराशी सेटिंग आहे’ ही कुजबुज. उपयोगी पडला तो खडू. मी सगळ्यांना परांचीवर चढायला बोलावलं. दोघंच आले, पण त्यातले एक सगळ्यात मोठ्याने कुजबुजणारे होते. त्यांनी स्वतः ठोकून पाहिलं. खाली उतरल्यावर म्हणाले, ‘मग द्या.’

कामाचं तपशीलवार सांगत बसत नाही, पण छज्ज्याचं सांगतो. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढलं, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासली. जिथे ती फारच बारीक झाली होती तिथे जोड सळई बांधली. त्यावर गंजरोधक लेप, मग जोडलेप, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मिसळलेला मॉर्टर, एका वेळी बोटभर जाडीचा थर. वरून उतार बाहेरच्या बाजूला दिला, भिंतीला भेटतो तिथे गोल वाटा, म्हणजे कोपऱ्याला सिमेंटची गोलाई, केला, कडेला ड्रिपची खाच पाडली. ही खाच बोटाच्या पेराएवढी असते. माझ्या मते अख्ख्या कामात पैशाला सर्वांत जागलेली गोष्ट तीच. पावसात खाली उभं राहून बघा, पाणी त्या खाचेपाशी येतं आणि मुकाट खाली पडतं.

बीम-विटेच्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकून मग प्लास्टर. बारीक भेगा इंग्रजी व्ही आकारात उघडून भरल्या. बिडाचे पाइप काढून पीव्हीसी टाकले. पिंपळ नुसता छाटला नाही, भिंत फोडून मूळ काढलं. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी काम थांबवून आधी हळदकुंकू वाहिलं, गवंड्यानेही हात जोडले. ग्रिल सर्वांत अवघड. छज्ज्यातले पाय कापून भिंतीत टेकू द्यायचे, तर प्रत्येकाला वाटायचं सोसायटी आपली ग्रिल हलकी करतेय. दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. त्यांच्या छज्ज्यांवर आज पुन्हा तांबडे ओघळ आहेत.

रंगाची छटा निवडायला तीन सभा लागल्या. ‘हिरवा नको, आपल्याकडे २०१४ला पाऊसच हिरवा पडून गेलाय’ यावर मात्र एकमत झालं. फिकट बदामी ठरला, खाली गडद पट्टा.

आता माझी चूक. पश्चिमेकडचं जिन्याचं अंग सर्वांत शेवटी आलं, कारण मधे विशेष सभेत महिना गेला. तिथलं प्लास्टर १४ मे २०२३ला पुरं झालं. बाईंनी लिहून दिलं होतं: अठ्ठावीस दिवस सुकू द्या, मगच प्रायमर. नवं प्लास्टर ओलं आणि तीव्र अल्कली असतं, त्यावर घाईने रंग मारला तर क्षार बाहेर येऊन रंग जाळतात. हिशेबाने ११ जून येत होता. मृग लागायच्या आत काम उरकायचं, परांचीचे बांबू दुसरीकडे जायचेत, सभासद खिडकी उघडता येत नाही म्हणून कावलेले. मी कंत्राटदाराला म्हटलं, ‘वरून सुकलेलं दिसतंय, घ्या उरकून.’ तो म्हणाला, ‘साहेब, वहीत लिहून द्या.’ मी कामाच्या वहीत लिहिलं, ‘सोसायटीच्या सांगण्यावरून’, आणि सही केली. २६ मेला रंग चढला. बाराव्या दिवशी.

ज्या पावसाच्या धास्तीने हे केलं, तो मोसमी पाऊस त्या वर्षी मुंबईत दाखल झाला २५ जूनला, दिल्लीत आणि मुंबईत एकाच दिवशी. वर्तमानपत्रात ती बातमी कौतुकाने छापून आली होती. मी ती दोनदा वाचली.

उत्तरेचा कोपरा, साधारण दहा फुटी पट्टा, मात्र राहून गेला. तिथे पाइपचं काम लांबलं आणि परांची उतरवायची वेळ आली. नवं प्लास्टर तसंच उघडं, सिमेंटच्या रंगात. बदामी इमारतीला करडं ठिगळ. अख्खा पावसाळा लोक मला गेटवर विचारत होते की पैसे संपले का. डिसेंबरमध्ये, पुरतं सुकल्यावर, त्या पट्ट्याला झुल्यावरून प्रायमर आणि दोन हात दिले. तिथे झुला चालला, कारण ठोकायचं काही उरलं नव्हतं.

जिन्याच्या अंगावर दिवाळीतच पांढुरके नकाशे उमटले होते. लोणा, म्हणजे प्लास्टरमधले क्षार, फुटलेला, रंग फिका. रंग कंपनीचा माणूस येऊन ओल आणि तारखा बघून गेला. हमी लागू होत नाही म्हणाला. मी राखून ठेवलेल्या ५ टक्क्यांकडे वळलो, तर कंत्राटदाराने वही उघडून माझी सही दाखवली. त्याचे पैसे पूर्ण द्यावे लागले. तो भाग पुन्हा खरवडून रंगवायचा खर्च सोसायटीवर पडला. सभेत मी तो माझ्या नावावर घ्यायची तयारी दाखवली, सभेने घेऊ दिलं नाही. कुजबुजणारे काका म्हणाले, ‘इतिवृत्तात लिहा म्हणजे झालं.’ लिहिलंय. सगळं मिळून २५.७२ लाखांचं काम, अधिक ती एक ओळ.

आता दर एप्रिलमध्ये आम्ही दोघं-तिघं गच्चीपासून खालपर्यंत फिरतो. पावसाळी पाइपच्या जाळ्या, छज्ज्यांच्या खाचा, कठड्याचा वाटा, नवी भोकं. नवीन एसी बसवणाऱ्याने भोक सीलंटने बुजवल्याचा फोटो सचिवाला पाठवायचा, असा नियम केलाय. निम्मे पाठवतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं कपाट परत भिंतीला लागलं. यंदाच्या एप्रिलच्या फेरीत मात्र त्यांनी आत बोलावून पुन्हा एक डाग दाखवला, बशीएवढा, छताजवळ. बाहेरून तोच भाग ठोकून पाहिला: टक, टक, टक. सुका. डागाच्या बरोबर वर चौथ्या मजल्याची न्हाणी आहे. न्हाणीची गळती उपविधीप्रमाणे सभासदाच्या खर्चाची, बाहेरच्या भिंतीची सोसायटीच्या. चौथ्या मजल्यावरचे म्हणतात, पाणी बाहेरूनच येतंय, सोसायटीने बघावं. मी त्यांना विचारलं, शेवटचा पाऊस कधी पडला होता?